उसने क्षितिज

सेकंड शिफ्ट सुटते, कंपनीची बस चाकण चौकातली गर्दी कापत, मोशी-भोसरी मागे टाकत चिंचवडला आणून सोडते, तोवर मध्यरात्र उलटलेली असते. हात दोनदा धुतले तरी बोटांना कटिंग ऑइलचा वास येत राहतो, डोळे मिटले तरी मायक्रोमीटरच्या बारीक रेघा दिसत राहतात आणि झोप काही येत नाही. अशा वेळी टीव्हीवर विमान अपघातांच्या तपासाचा एखादा माहितीपट लावून बसायचे, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. २००३ मध्ये कॅनडात सुरू झालेली आणि आपल्याकडे ‘एअर क्रॅश इन्व्हेस्टिगेशन’ या नावाने घरोघरी पोहोचलेली मालिका आणि तिच्या वळणावर निघालेले असंख्य माहितीपट मी कितीदा पाहिले असतील! टूलरूममध्ये उभे आयुष्य काढून निवृत्त झालेले शेजारचे काकाही पुष्कळदा सोबतीला येऊन बसतात. एका रात्री पडद्यावर एक जम्बो जेट धावपट्टीवरून उचलले जात होते, निवेदकाचा आवाज गंभीर झाला होता, आणि काका खुर्चीतून पुढे सरकले.

“थांबव जरा. मागं घे. पंखाचं टोक बघ.”

मागे घेतले. गोष्ट होती सत्तरच्या दशकातली. आधीच्याच दृश्यात उभे असलेले विमान त्या काळाला साजेसे, आखूड कुबडाचे, सरळ संपणाऱ्या पंखांचे. पण आकाशात झेपावले ते भलतेच! त्याच्या पंखाचे टोक एखाद्या नर्तकीने मनगट वर मुरडावे तसे आकाशाकडे वळलेले होते, कुबड पाठीवर दूरपर्यंत ताणलेले होते. हे ७४७-४००, प्रवाशांना घेऊन ते पहिल्यांदा उडाले १९८९ साली. म्हणजे आपण पाहत होतो ती सत्तरच्या दशकातल्या धावपट्टीवरून उडालेली पुढच्या जमान्यातली आकृती होती. काकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो उजेड पडला, तो चूक पकडल्याच्या विजयाचा नव्हता. जुन्या बंदिशीत गवयाने नकळत परका सूर लावला की जाणत्या श्रोत्याचे कान ज्या आनंदाने टवकारतात, तसा तो होता. आणि पुढचा अर्धा तास आम्ही अपघात विसरून त्या वळलेल्या टोकाविषयीच बोलत बसलो. पंखाच्या टोकाशी खालची दाबाची हवा वर निसटू पाहते, तिचा भोवरा होतो, भोवऱ्याने विमान मागे ओढले जाते, आणि हे मुरडलेले टोक तो भोवरा सौम्य करून इंधन वाचवते. एका चुकीच्या चित्राने आम्हाला केवढे बरोबर ज्ञान देऊ केले!

आपल्या या पट्ट्यातल्या माणसाची नजर अशी का घडते, हे वेगळे सांगायला नको. भोसरी, पिंपरी, आकुर्डी, चाकण, जिथे जाल तिथे कुणीतरी ड्रॉइंग समोर ठेवून एखादा तुकडा उजेडात फिरवून पाहत असतो. गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे. दिसायला जुळ्या भावांसारखे दोन पार्ट असतात आणि त्यांतला एक लाल बिनमध्ये जातो तो काही मायक्रॉनच्या फरकाने. दिवसाचे आठ तास ‘सारखे’ आणि ‘तेच’ यांतले अंतर मोजणाऱ्या डोळ्यांना रात्री पडद्यावरची सारखी दिसणारी विमाने तीच आहेत, असे कसे वाटेल? शिवाय विमान आपल्याला तितकेसे परके नाही. सांगवी-दापोडीच्या गच्च्यांवरून लोहगावला उतरणारी विमाने रोज पोटाखालची चाके दाखवत जातात, हवाई दलाच्या सुखोईचा कल्लोळ इथल्या शाळकरी पोरांनाही ओळखता येतो. आणि पुण्याच्या भारत फोर्जने तर बोइंग ७३७ च्या फ्लॅपसाठी टायटॅनियमचे ट्रॅक घडवून पाठवले आहेत. खिडकीशेजारी बसलेल्या प्रवाशाला उतरताना पंखाची मागली कड उलगडून खाली सरकताना दिसते, ती सरकते त्या वाटा याच! एखाद्या माहितीपटात निवेदक ‘पंखांनी आता विमानाची साथ सोडली’ असे म्हणत असतो आणि पडद्यावर नेमके हे फ्लॅप शांतपणे, आज्ञाधारकपणे उलगडताना दिसतात, तेव्हा आपल्याकडच्या फोर्जिंगवाल्याला काय वाटत असेल! तो भट्टीतल्या तांबड्या ठोकळ्यापासून त्या ट्रॅकला ओळखतो.

काही चुका तर इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की त्यांच्याकडे पाहून आपण ओळखीचे हसतो आणि पुढे जातो. ब्लॅक बॉक्स काळा दाखवतात, तो नारिंगी असतो, आणि बहुधा एक नसून दोन असतात. विमान ‘स्टॉल’ झाले म्हटले की चित्रात इंजिन धूर सोडत बंद पडते. आपल्याकडे स्टॉल म्हणजे मोटर अडकणे, म्हणून आपलाही पटकन तोच समज होतो. पण विमानाचा स्टॉल पंखावर घडतो. नाक प्रमाणाबाहेर वर झाले की पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचलून धरणारा हात निघून जातो. चारही इंजिने मजेत गर्जत असताना हे होऊ शकते.

यांहून खोल जाणारी चूक आकड्यांची. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे नवेकोरे बोइंग ७६७ भर प्रवासात इंधनाविना निःशब्द झाले, कारण २२,३०० किलो इंधन हवे असताना २२,३०० पौंडच असल्याचा हिशेब कुणाला दिसला नव्हता. लिटरचे वजन काढताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणले गेले; पहिला आकडा किलोचा, दुसरा पौंडांचा. विमान पंखांवर तरंगत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरले आणि आतली सगळी माणसे वाचली, म्हणून ही गोष्ट सांगताना सगळ्यांचा सूर जरा मोकळा असतो. तिच्यात मला दरवेळी दिसतो तो पेन्सिलीने केलेला गुणाकार. तो तपासला गेला होता, पुन्हापुन्हा तपासला गेला होता, आणि दरवेळी बरोबरच आला होता, कारण चूक गुणाकारात नव्हतीच, एककात होती. ड्रॉइंगवर इंच की मिलिमीटर हे कोपऱ्यातल्या चौकटीत न वाचता ज्याने मशीनला पहिला पीस लावला आहे, त्याच्या पोटात इथे खड्डा पडतो. आणि मग निवेदक, भाषांतर करणारा किंवा पाट्या लिहिणारा पौंडांचे किलो करताना स्वतःच घसरला, की अपघात आणि त्याची कहाणी एकाच दगडाला ठेचकाळलेले आपण पाहतो.

मात्र चुकीचा सगळ्यांत गहिरा रस मला मिळाला तो आपल्या मुंबईच्या एका रात्रीत.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे पहिले जम्बो, ‘सम्राट अशोक’, दुबईसाठी सांताक्रूझहून रात्री साडेआठनंतर निघाले आणि हवेत उचलल्यावर दोन मिनिटे व्हायच्या आत बांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. ही हकिकत चित्रात मांडायची तर काय काय लागेल, ते आपण एकेक करून पाहू.

पहिल्यांदा धावपट्टीवरचा आकडा. विमान निघाले ते २७ वरून. हा आकडा म्हणजे होकायंत्राच्या अंशांतले शेवटचे शून्य गाळून उरलेली दिशा. २७ म्हणजे २७०, म्हणजे पश्चिम, म्हणजे समुद्र. त्याच डांबराच्या दुसऱ्या टोकाला ०९ लिहिलेले असते. चित्रकाराने संग्रहातले कुठलेही उड्डाण उचलून लावले आणि चाकांखालून ०९ सरकला, तर विमान घाटकोपरच्या डोंगराकडे, दिव्यांनी भरलेल्या वस्तीकडे निघाले! दोनच अंक, पण त्यांत ती सगळी रात्र आहे. पश्चिमेला निघालेल्या वैमानिकाच्या काचेतून शेवटचे दिवे मागे जातात आणि पुढे उरतो तो काळोख. काळे पाणी आणि काळे आकाश, आणि त्या दोघांमध्ये शिवण कुठेच नाही.

मग कॉकपिटमधली तिसरी खुर्ची. मुरडलेल्या टोकाचे विमान दाखवले की ओघाने त्याचे कॉकपिटही येते, चकचकीत पडद्यांचे आणि दोघांचेच. पण ‘सम्राट अशोक’मध्ये तिघे होते. कॅप्टन, सहवैमानिक आणि त्या दोघांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर. विमान किंचित उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले, पण कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे यंत्र सरळ झाले नाही. ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले, आणि तो खोटा कल काढायला कॅप्टन विमान डावीकडे झुकवत गेले. मधोमध राखीव असे आणखी एक यंत्र होते. तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला विसंगती दिसली होती, तो ते सांगू पाहत होता, हे ध्वनिमुद्रणातून पुढे आले. आता त्या खुर्चीविना हे दृश्य उभे करून पाहू. आवाज उरतो, पण तो कुणाचा ते कळत नाही. पंखाच्या टोकाला झालेली एवढीशी गफलत हळूहळू आत शिरते आणि अखेर एक माणूसच चित्रातून पुसून टाकते. काकांनी “मागं घे” म्हटले होते ते किती योग्य होते, हे मला त्या तिसऱ्या खुर्चीपाशी उमगले.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच, ते क्षितिज. अशा रात्रीच्या दृश्यांत आपल्याला नेहमी काय दिसते, ते आठवून पाहा. निळसर चांदणे, ढगांच्या रुपेरी कडा, खाली चमचमणारे पाणी आणि दूरवर एक स्वच्छ, आडवी, दयाळू रेषा. ती रेषा चित्रकाराने आपल्यासाठी काढलेली असते. ती नसेल तर आपल्याला नुसता काळा पडदा दिसेल, विमान कुठल्या बाजूला झुकते आहे हे कळणार नाही, म्हणून तो बिचारा उजेड ओततो, समुद्र आणि आकाश वेगळे करून देतो. आपण सोफ्यावर बसून त्या रेषेशी पंखांचा कोन ताडून पाहतो आणि आपल्या तोंडून जाते, “अरे, डावीकडे चाललंय, दिसत कसं नाही यांना?” दिसत नाही, कारण ती रेषा त्यांच्याजवळ नव्हतीच! कानाच्या आतल्या पोकळीतला द्रव हळुवार झुकणे ओळखत नाही, शरीर आपण सरळ आहोत असेच सांगत राहते, डोळ्यांना बाहेर आधार नाही, आणि आत आधार म्हणून जे यंत्र आहे तेच खोटे बोलते आहे. एक पुसट क्षितिज, क्षणभर का होईना, त्या काचेत उमटले असते, तर विमान दुबईला पोहोचले असते. माहितीपटाने आपल्याला उसनी दिली ती नेमकी हीच वस्तू.

हे एकदा ध्यानात आले की या माहितीपटांतल्या पुष्कळ चुकांचे कूळ उलगडते. त्या अज्ञानातून थोड्या आणि आपल्यावरच्या मायेतून जास्त जन्मतात. आपल्याला दिसावे म्हणून उजेड, कळावे म्हणून आवाज, थरार वाटावा म्हणून ज्वाळा. आणि जिथे जिथे चित्रकाराला काही भरावे लागले, तिथे तिथे मूळ प्रसंगात एक रिकामी जागा होती. आपल्याकडे लाइनवर बिघाड झाला की ‘व्हाय-व्हाय’ करायला बसतात. का झाले, ते का झाले, त्याच्याही मागे काय, असे पाच वेळा विचारत माणसाच्या नावापलीकडे, मूळ कारणापर्यंत उतरायचे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे तेरावे परिशिष्टही अपघाताच्या तपासाला हेच सांगते. दोष कुणाच्या माथी मारण्यासाठी तपास नाही, तो पुढचा अपघात टळावा म्हणून आहे. चुकीच्या दृश्यालाही मी तसेच विचारत जातो. इथे उजेड का घातला? कारण तिथे काळोख होता. काळोख इतका निर्णायक का ठरला?

असाच विचारत विचारत मी एका पावसाळी रविवारी जुन्नरला गेलो होतो. चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे. आपल्या कारखान्यांच्या धुरकट आकाशापासून दीड-दोन तासांवर सह्याद्री असा उभा आहे की पाहत राहावे. जुलैमध्ये डोंगर ढगांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात, खाचरांत भाताची आवणी चाललेली असते आणि पन्नास पावलांवरचे झाड धुक्यात विरून जाते. जुन्नरजवळच्या याच डोंगरांत, मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, १९६२ च्या जुलैत आलितालियाचे फ्लाइट ७७१ धडकले होते. सिडनीहून रोमला निघालेले डग्लस डीसी-८. बँकॉकहून मुंबईला येत होते. ९४ माणसे होती, कुणीही वाचले नाही. तपासाने कारण सांगितले ते एका ओळीत मावते. दिशादर्शनातल्या चुकीमुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून जवळ आहोत असे वाटले आणि रात्री, डोंगराळ मुलुखावर, विमान वेळेआधी खाली आणले गेले.

या अपघातावर कुणी आज माहितीपट काढायचा ठरवला, तर त्यात कुठल्या कुठल्या चुका होतील, हे त्या पावसात उभे राहून मी मनाशी मोजत होतो. तारखेपासूनच सुरुवात होईल. मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटे झाली होती. डोंगराखालच्या गावांत ७ जुलै लागला होता, पण वैमानिकांच्या जागतिक घड्याळात अजून ६ जुलैची संध्याकाळ होती, कारण आपण साडेपाच तास पुढे. तारीख आपली आणि वेळ जगाची अशी सरमिसळ झाली की अख्खा दिवस सरकतो. मग विमान. हे डीसी-८-४३, रोल्स-रॉइसच्या कॉनवे इंजिनांचे, मूळ लांबीचे. चित्रकाराच्या हाताशी बहुधा पुढल्या काळातले लांबलचक, ताणलेले डीसी-८ असेल. शेपटीवर तो हिरवा-लाल मोठा ‘ए’ रंगवील, कारण आलितालिया म्हटले की जगाला तेच चिन्ह आठवते. आणि ते तर आले साठचे दशक सरता सरता.

पण सगळ्यांत मोहाची जागा शेवटच्या काही सेकंदांची. तिथे यंत्राचा आवाज घातल्याशिवाय कुणालाही राहवणार नाही. तो आपल्या ओळखीचा, काळीज चिरत जाणारा, ‘वर घ्या, वर घ्या’ असे बजावणारा धातूचा आवाज! जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे ते यंत्र अमेरिकेने मोठ्या जेट विमानांना सक्तीचे करायचे ठरवले ते १९७४ मध्ये. त्याच डिसेंबरात व्हर्जिनियातल्या डोंगरावर एक बोइंग असेच वेळेआधी उतरताना आदळले होते, ९२ माणसे गेली होती. जुन्नरच्या रात्री ते यंत्र अजून जन्माला यायचे होते. तेव्हा जो माहितीपट तिथे तो आवाज वाजवील, त्याच्यावर मी रागावणार नाही. मी टीव्हीचा आवाज बंद करीन आणि ते दृश्य पुन्हा पाहीन, आणि मला वाटते आपण सगळ्यांनीच ते तसे पाहावे. चार इंजिनांची एकसुरी गुणगुण. लांबच्या प्रवासाचा एक टप्पा संपत आल्याचा हलका सैलपणा. उंची दाखवणारा काटा हळूहळू, अगदी नियमाने खाली येतो आहे. कुणी ओरडत नाही, कुठला लाल दिवा लुकलुकत नाही, कारण त्या कॉकपिटच्या लेखी सगळे ठीक चालले आहे. मुंबई आलीच आता.

परतताना चाकणच्या अलीकडे वाहतूक तुंबली. मी गाडीच्या काचेवरचे थेंब पाहत होतो आणि मनात तोच माहितीपट नव्याने जुळवत होतो. चांदणे नको. ढग आतून उजळलेले नकोत. काचेवर पाऊस आणि त्यापलीकडे काहीही नाही, असे चालेल. डोंगर दाखवूच नये, आदल्या क्षणापर्यंत दाखवू नये. इशारा नको, संगीत नको. घड्याळ जागतिक वेळेचे, अठरा वाजून चाळीस मिनिटांच्या जवळ आलेले. आणि शेपटीवर तो हिरवा-लाल ‘ए’ नको. तो यायला अजून बरीच वर्षे आहेत.